लहान मुलांना वर्गात वेगळेपणाचा मान ठेवायला कसं शिकवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, पटावर तेवीस मुलं. त्यातल्या अकरा जणांच्या घरी कोकणी, सहा जणांकडे कन्नड, चौघांकडे हिंदी नाहीतर तिच्या जवळपासची एखादी बोली आणि दोघांकडे दखनी उर्दू. घरी मराठी बोलणारं एकही नाही. शाळा मात्र मराठी. ही गंमत गोव्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगताना माझी नेहमीच दमछाक होते.

पालकसभेत, शिक्षकांच्या बैठकीत आणि बऱ्याचदा बसची वाट बघताना लोक मला जे विचारतात, ते इथे उतरवलं आहे. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत. जिथे कायदा किंवा अभ्यासाचा आधार आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

सहा-सात वर्षांच्या मुलांना भेदभाव कळतो तरी का? आपणच बोलून त्यांच्या डोक्यात नको ते भरवत नाही ना?

‘भेदभाव’ हा शब्द कळत नाही. तो केलेला मात्र बरोबर कळतो.

अमेरिकेतल्या रेबेका बिग्लर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांबरोबर केलेला एक प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना निळे आणि पिवळे शर्ट दिले. काही वर्गांत शिक्षकांनी त्या रंगांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाकीच्या वर्गांत रोजच्या कामापुरता रंगाचा वापर केला: निळे या बाजूला, पिवळे त्या बाजूला. कुठला रंग चांगला आणि कुठला वाईट, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तरीही रंगांवरून वाटण्या झालेल्या वर्गांतल्या मुलांना आपलीच टोळी सरस वाटायला लागली.

हे वाचलं तेव्हा मला आमची सकाळची प्रार्थना आठवली. मुलगे उजवीकडे, मुली डावीकडे. ‘बघू कोण जास्त शांत बसतं, मुलगे की मुली?’ हे तर मी वर्षानुवर्षं विचारत आले. आता रांगा लावायच्या तर मी म्हणते, ज्यांच्या नावात ‘र’ आहे ते पुढे या. उद्या ‘म’वाले. अक्षरओळखही होते आणि टोळ्याही बनत नाहीत.

तेव्हा न बोलल्यानं मुलं निरागस राहतात, हा समज सोडून द्या. आपण गप्प राहिलो तरी रांगा, बाक, हाका आणि कामाच्या वाटण्या बोलतच असतात.

वर्गात कुणी ‘घाटी’ किंवा ‘भायले’ म्हटलं तर काय करावं?

‘घाटी’ म्हणजे घाटापलीकडचा, ‘भायले’ म्हणजे बाहेरचे. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तरही लांब आहे.

मधली सुट्टी होती. रबरी चेंडूचा खेळ चालला होता. सात वर्षांचा एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, ‘तूं घाटी, तुका ना.’ म्हणजे तुला खेळायला मिळणार नाही. ज्याला म्हटलं तो रडला नाही. तो गेला आणि नळाखाली हात धूत बसला, बराच वेळ.

पूर्वी अशा वेळी मी कान पकडायला लावायची. परिणाम असा झाला, की तो शब्द माझ्यासमोर यायचा बंद झाला आणि शौचालयाच्या मागे सुखानं नांदू लागला. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, ती गोष्ट वेगळीच.

आता मी आधी नळापाशी जाते. ज्याला लागलं त्याच्याकडे पहिलं बघायचं, म्हणणाऱ्याकडे नंतर. त्याला ‘जाऊ दे रे, गंमत केली त्यानं’ असं म्हणायचं नाही. ‘मी ऐकलं. तो शब्द चुकीचा होता,’ एवढं पुरतं. मग म्हणणाऱ्याला बाजूला घेऊन, आवाज न चढवता विचारायचं, ‘हा शब्द कुठे ऐकलास?’ त्या दिवशी उत्तर आलं, ‘आजो भाडें घेतना म्हणटा.’ आजोबा खोल्यांचं भाडं गोळा करताना म्हणतात! आता सात वर्षांच्या मुलानं यात नवीन ते काय केलं? घरातला शब्द दप्तरात घालून आणला, पेन्सिल आणावी तसा.

मग वर्ग. दुसऱ्या दिवशी मी एक टोपली नेली. मिरची, बटाटा, अननस, पपई, पेरू आणि मूठभर काजू. विचारलं, ‘यातलं अस्सल गोव्याचं कुठलं?’ सगळे ओरडले, ‘काजू!’ मी म्हटलं, काजू तर समुद्रापलीकडून आला. हे सगळंच पोर्तुगीजांच्या काळात अमेरिका खंडातून इकडे आलं. त्याआधी आपल्या कढीत मिरसांग नव्हती, तिखटपणा मिऱ्यांचा होता. वर्ग गप्प. मग मागून एक आवाज, ‘काजू भायलो?’ त्यानंतर दोन दिवस जो तो एकमेकांना ‘ए काजू’ म्हणत होता, आणि मी मुद्दाम थांबवलं नाही.

घाट म्हणजे काय, तेही सांगितलं. आपल्या चोर्ल्याचा घाट, तो चढून गेलं की पलीकडे बेळगाव. तिथून गाडीतून भाजी येते, दूध येतं, माणसंही येतात. आणि इथून माणसं गेली नाहीत का? आपल्या गावांतली कितीतरी माणसं बोटीवर नोकरी मिळेपर्यंत मुंबईला कुडांत, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक खोल्यांत, दाटीवाटीनं राहिली. तिथे ती भायलीच होती.

एका टोपलीनं सगळं बदललं असं नाही. पंधरवड्यानं तोच मुलगा तोच शब्द पुन्हा बोलला. फरक इतकाच, की या वेळी दुसऱ्या दोघांनी त्याला अडवलं. मी काही बोलायच्या आत.

नावांचं एवढं काय? लहान मुलांना कुठे कळतं, बाई नाव कसं घेतात ते?

त्यांना तेवढंच कळतं. दिवसभरात मूल स्वतःचं असं शाळेत जे ऐकतं, ते नाव.

माझ्या हजेरीत एक यल्लव्वा होती. मी जूनपासून दिवाळीपर्यंत तिला ‘येलवा’ म्हणत आले. ती ‘हजर’ म्हणायची. एकदा तिची आई न्यायला आली आणि तिनं फाटकातून हाक मारली, ‘यल्लव्वा’, तो ‘ल्ल’ जिभेवर असा घोळवून. मुलीनं मान ज्या वेगानं वळवली, तशी माझ्या हाकेला ती कधीच वळली नव्हती. पाच महिने ती एका परक्या मुलीची हजेरी देत होती.

आता जूनच्या पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक पालकाला विचारते, ‘नाव कसं म्हणता, एकदा म्हणून दाखवा,’ आणि हजेरीच्या वहीत पेन्सिलीनं उच्चार लिहून ठेवते. नाव कठीण वाटलं म्हणून आपल्या सोयीचं टोपणनाव ठेवायचं नाही. ‘फर्नांडिस’ आपण सगळे बिनचूक म्हणतो, कारण कानाला सवय आहे.

डब्यावरून भांडणं होतात. मासे, अंडी, मटण… सगळ्यांना शाकाहारी डबा सक्तीचा केला तर?

गोव्यात? करून बघा.

गंमत बाजूला ठेवू. सक्ती केली की ज्याचा डबा घरी पाठवला जातो त्याला कळतं, की आपलं घर शाळेला चालत नाही. शिवाय आमच्याकडे फक्त मासे-भाजी अशी दोन टोकं नाहीत. जो सुकी सुंगटं (कोळंबी) आवडीनं खातो तोच सोमवारी शेजारच्या डब्यात बांगडा दिसला की नाक मुरडतो, ‘आज सोमार, आनी तूं नुस्तें खाता?’ शेजारचा मुलगा मुसलमान किंवा ख्रिस्ती, त्याला सोमवार आणि मंगळवार सारखेच. कुणाच्या डब्यात चोरिस-पाव, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज आणि पाव, तो बाजूच्याला वर्ज्य. कुणाकडे ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, तिला कुणी ‘मातयेची पोळी’, म्हणजे मातीची पोळी, म्हणतं.

मी वर्गात एकच नियम ठेवला आहे: ‘शी’ म्हणायचं नाही. ‘मी हे खात नाही’ असं म्हणता येतं, ‘मला हा वास आवडत नाही, मी तिकडे बसतो’ असंही म्हणता येतं. पण ‘शी’ नाही. न खाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, दुसऱ्याच्या आईच्या हातच्या अन्नाला नावं ठेवण्याचा कुणालाच नाही. ‘शी’ आणि ‘मी खात नाही’ यांतला फरक मुलांना आठवड्याभरात कळतो. मोठ्यांना जास्त वेळ लागतो. स्टाफरूममध्ये मी अजून प्रयत्न करते आहे.

डबे वाटून खायला लावू नका. ‘एकमेकांचं खा, म्हणजे एकी वाढते’ हे ऐकायला छान वाटतं, पण त्यात कुणाचा तरी घरचा नियम मोडतो आणि मूल मधल्यामध्ये चेपतं. महिला स्वयंसहाय्य गटाकडून येणारा माध्यान्ह आहार, तो पाव आणि पातळ भाजी, सगळे एकाच ओळीत बसून खातात. तेवढं एकत्र जेवण पुरे. फक्त कोण कुणाशेजारी बसायला टाळतं, यावर नजर ठेवायची आणि वाढायचं काम आळीपाळीनं सगळ्यांना द्यायचं. अगदी सगळ्यांना.

मराठी शाळेत मूल कोकणी किंवा कन्नड बोललं तर सुधारायचं नाही का?

सुधारायचं नाही. शिकवायचं. दोन्हींत फार अंतर आहे.

पहिलीतलं मूल उठून म्हणतं, ‘बाई, म्हाका तान लागल्या.’ आमच्या काळातले गुरुजी म्हणायचे, ‘नीट मराठीत बोल, मग जा.’ मूल तहानलेलं उभं. मी म्हणते, ‘जा, पाणी पिऊन ये.’ आल्यावर फळ्यावर दोन शब्द लिहिते: तान, तहान. मुलांना विचारते, यात काय सारखं आहे? एका अक्षराचा तर फरक. कोकणी म्हणजे बिघडलेली मराठी, असं ज्या मुलानं एकदा ऐकलं, त्यानं आईला बिघडलेली मानायला सुरुवात केली असं समजा.

मराठी-कोकणीचा वाद मी इथे उकरत नाही. गोव्यानं महाराष्ट्रात जायचं का यावरचा १९६७ चा जनमत कौल आणि कोकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदा हे विषय काढले, तर आमच्याकडे चहा थंड होतो. पण आम्हा मराठी शिक्षकांना एक आठवण हवी. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात मराठी शाळा खेडोपाडी गेल्या, तेव्हा त्यांत बसलेली मुलं घरी कोकणीच बोलत होती. माझी आई त्यातलीच. ‘गांवठी उलयता’ (गावंढळ बोलते) म्हणून तिला हसलेले लोक तिला साठाव्या वर्षीही नावानिशी आठवत होते. तेच आज कन्नड बोलणाऱ्या मुलीला आपण करायचं?

वर्गात चालण्यासारखं काही सांगते. महिन्यातून एकदा आम्ही ‘शब्द कुठून आला’ खेळतो. चावी, बटाटा, पाव, पगार पोर्तुगीजांकडून आले. दप्तर आणि हजेरी फारसी-अरबीच्या वाटेनं. अण्णा, अक्का कन्नडमध्येही आहेत, आणि तूप तिथे ‘तुप्प’ होतं. हे कळलं तेव्हा आमच्या कन्नड मुलांनी त्या दिवशी एकूण वीसेक शब्द सांगितले. ज्यांच्या तोंडून मी जूनपासून ‘हो’ आणि ‘नाही’ सोडून काही ऐकलं नव्हतं, तीच मुलं.

दुसरं म्हणजे, शिक्षकानं मुलांच्या भाषेतले दहा शब्द शिकावेत. नीरू म्हणजे पाणी, बा म्हणजे ये, ऊटा म्हणजे जेवण, अव्वा म्हणजे आई. माझे उच्चार ऐकून मुलं खदखदून हसतात. हसू द्यावं. बाईंनाही बोलताना चुकायला होतं, हे त्यांना दिसलं की त्यांची भीती निम्मी होते. जमेल तिथे मूल मातृभाषेत शिकावं, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ म्हणतं. एका खोलीत चार भाषा असताना ते पूर्ण जमणं शक्य नाही. दहा शब्द शक्य आहेत.

शाळेत सण कुठले आणि कसे करावेत?

चवथीची माटोळी (गणपतीवर बांधलेली फळाफुलांची आरास), नाताळचा गोठो आणि नखेत्र (चांदणी), ईदची खीर, शिगमो, पावसातला सांजांव… गोव्यात सणांची वाण नाही. माझं मत असं, की सण ‘साजरा’ करण्यापेक्षा ज्याच्या घरी तो असतो त्यानं सांगावा, बाकीच्यांनी ऐकावा. माटोळीला यंदा कुठली रानफळं बांधली? गोठ्यात गवत कुठून आणलं? नाचणी पेरून हिरवं करता ना, किती दिवस आधी पेरता? अशा प्रश्नांवर मुलं तासभर बोलतात.

पूजेच्या बाबतीत मात्र शिक्षकांनी संविधानाचं कलम २८ वाचून ठेवावं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत होणाऱ्या उपासनेला हजर राहण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. नारळ फुटताना एक मूल व्हरांड्यात एकटं उभं आहे, असं चित्र मी पाहिलं आहे. संमती विचारलेलीच नव्हती.

गोव्याकडे स्वतःच्या गोष्टी आहेत, त्या वापराव्यात. शिरगावची देवी लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण या सख्ख्या बहिणी, असं आमच्याकडे लोक मानतात; मिलाग्रीसच्या फेस्ताला हिंदू माणसंही तेल घेऊन रांगेत उभी असतात. जुन्या गोव्याच्या ‘गोंयच्या सायबा’चं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचंही तेच. पुस्तकातलं सर्वधर्मसमभावाचं वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा, ‘तुझी आजी फेस्ताला गेली होती का, विचारून ये’ हा गृहपाठ जास्त कामाचा आहे.

जातीबद्दल लहान मुलांशी बोलावं का?

पहिली-दुसरीत जातीचा धडा घेऊ नये, असं मला वाटतं. पण जात वर्गात येतेच, आणि ती बहुतेक वेळा आपणच आणतो. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की, ‘एसटीवाले उभे राहा, ओबीसीवाले उभे राहा.’ झालं! एका मिनिटात सगळ्या वर्गाला सगळं समजलं. फॉर्म द्यायचे तर एकेका मुलाला टेबलापाशी बोलावून, घडी करून द्या, किंवा सरळ पालकांना द्या.

गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा गोव्यात अनुसूचित जमातींत समावेश २००३ मध्ये झाला. आमच्या संमेलनांत कुणबी नाच हमखास असतो. लाल चौकड्यांची साडी, डोक्याला फुलं. गेल्या खेपेला बघितलं तर साडी भाड्यानं आणून नाचणाऱ्या आठ मुलींत एकही कुणबी नव्हती आणि जिच्या आजीच्या पेटीत ती साडी खरोखर आहे, ती ‘नाचता येत नाही’ म्हणून प्रेक्षकांत. तिला विचारलं कुणी होतं? मी तरी नव्हतं.

खुर्च्या कोण उचलतं, झाडू कुणाच्या हाती जातो, पाहुण्यांना पाणी द्यायला कुणाला पाठवतो, हे एक आठवडा वहीत टिपून बघा. मी टिपलं होतं. ते पान मी कुणाला दाखवलेलं नाही.

गटकाम केलं की मुलं आपोआप मिसळतात ना?

नाही. शेजारी बसवलं म्हणजे मिसळली, असं होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं, की वेगळ्या गटांतली माणसं जवळ आल्यानं पूर्वग्रह कमी व्हायचा असेल तर त्यांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागावी आणि वरच्यांचा पाठिंबा असावा. १९७१ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिन शहरात इलियट अ‍ॅरन्सन यांनी यातून वर्गासाठी एक पद्धत काढली. धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यायचा, तो त्यानं शिकायचा आणि गटातल्या इतरांना शिकवायचा. एकाचा तुकडा नसेल तर कुणाचाच धडा पूर्ण होत नाही.

आम्ही हे ‘कुळागर’, म्हणजे पोफळी-माडांची बाग, या विषयावर केलं. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं. पोफळ एकाकडे, मिरवेल दुसरीकडे, केळ आणि पाण्याचे पाट तिसऱ्याकडे, माड चौथ्याकडे. माडाचं चित्र झारखंडहून आलेल्या एका मुलाच्या वाट्याला आलं. मला धाकधूक होती, कारण तो वर्गात बोलतच नसे. त्याचा बाप पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा. गावातल्या अर्ध्या माडांवर तोच चढतो. पोरगं उठलं, स्वतःची ओढणीसारखी गळपट्टी दोन्ही पायांत अडकवली आणि खांबाला धरून दाखवलं, बाबा कसा चढतो ते. पाय कसे एकदम उचलायचे, कोयता कुठे खोचायचा, नारळ टाकायच्या आधी खाली कसं ओरडायचं. हिंदी, कोकणी, हातवारे, सगळं मिळून. माड ज्यांच्या अंगणात आहेत, ती मुलं तोंड उघडं ठेवून ऐकत होती.

प्रत्येक गटकाम असं रंगत नाही. पुढच्या आठवड्यातलं ‘नदी’ सपशेल पडलं.

‘आमच्या मुलाला त्याच्या बाजूला बसवू नका’ असं पालक म्हणतात तेव्हा?

आधी कारण विचारा. कधी उवा असतात, कधी मारामारी. ती कारणं खरी आहेत आणि ती सोडवता येतात. पण कारण ‘ते लोक’ असं असेल तर मी सांगते, ‘आमच्याकडे जागा दर सोमवारी बदलतात, सगळ्यांच्या.’ हे खरंच आहे, चिठ्ठ्या टाकून बदलतात. भांडायला व्यक्ती उरत नाही, पद्धत उरते. एका आईनं तरीही ऐकलं नाही आणि मुलाला दुसऱ्या शाळेत नेलं. पट एकानं कमी झाला. छोट्या सरकारी शाळेत पट कमी होणं म्हणजे काय, हे शिक्षकांना सांगायला नको. तरी जागा बदलायच्या थांबवल्या नाहीत.

गोऱ्या-काळ्या रंगावरून चिडवतात त्याचं काय?

खडूंच्या पेटीतल्या त्या फिकट गुलाबी खडूला ‘अंगाचा रंग’ म्हणणं बंद करा. चित्र काढताना प्रत्येकानं हात कागदावर ठेवून, आपल्याशी जुळणारा रंग दोन-तीन खडू मिसळून बनवायचा. आमच्याकडे एकाही मुलाला तो गुलाबी लागला नाही. आणि संमेलनात परी कुणाला करता आणि राक्षस कुणाला, ते तपासा.

वर्गात अपंग मूल असेल तर बाकीच्यांना काय सांगावं?

जे त्या मुलाला आणि त्याच्या आईबाबांना चालेल तेवढंच, आणि शक्यतो त्यानंच सांगावं. कानाला यंत्र असलेल्या एका मुलीनं ते काढून सगळ्यांना दाखवलं, बॅटरी कुठे बसते तेही. दहा मिनिटांत कुतूहल संपलं आणि खेळ सुरू झाला. ‘बिचारी’ हा शब्द आणि ‘तिला जिंकू द्या’ हा प्रकार टाळा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांतले बरेचसे वरून दिसतही नाहीत, तेव्हा ‘आळशी’ म्हणण्याआधी थांबावं.

दाखला नाही, जन्माचा कागद नाही, म्हणून बाहेरून आलेल्या मुलाला परत पाठवता येतं का?

नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला हेही कारण चालत नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाप्रमाणे इयत्ता द्यायची. भेदभाव किंवा छळ होत असेल तर आधी मुख्याध्यापक, मग भागशिक्षणाधिकारी कार्यालय, नंतर राज्याचा बालहक्क संरक्षण आयोग. मूल संकटात असेल तर १०९८ वर फोन करावा.

घरी पालकांनी काय करावं?

भाडेकरूला, पोदेराला (पाववाल्याला), नुस्तेंकान्नीला (मासेवालीला), भाजीवाल्याला तुम्ही कशी हाक मारता, ते मूल ऐकतं. मी याहून जास्त सांगायला लागले की पालक घड्याळ बघतात, म्हणून एवढंच. आणि वाढदिवसाला सगळ्या वर्गाला बोलवायचं नसेल, तर आमंत्रणं वर्गात वाटू नका.

शिक्षकाकडूनच चूक झाली तर?

होते. माझी सांगते. प्रजासत्ताक दिनाला आम्ही ‘विविधतेत एकता’ बसवलं होतं. प्रत्येक मुलानं आपापल्या प्रांताचा पोशाख घालायचा. बागलकोटकडून आलेल्या एका मुलीला मी परस्पर सांगून टाकलं, ‘तू आरशांचा लमाणी घागरा घालून ये.’ कर्नाटक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच होतं, कळंगुटच्या किनाऱ्यावर माळा विकणाऱ्या बायकांमुळे असेल. घागरा आला, फोटो निघाले, टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी तिची आई दारात. रागावलेली नव्हती, अवघडलेली होती. ‘टीचर, आमी लमाणी न्हाई. घागरा दोनशे रुपये भाड्यानं आणला.’ तिच्या रोजंदारीतले दोनशे रुपये, माझ्या अर्धवट माहितीपायी. मी तिची माफी मागितली, मग मुलीची, वर्गात सगळ्यांसमोर, कारण चूकही सगळ्यांसमोरच झाली होती. मुलांना बाईंनी माफी मागणं इतकं नवीन होतं, की एकानं विचारलं, ‘आता तुमका कोण मारतलो?’

पैसे देऊ केले ते आईनं घेतले नाहीत. म्हणाली, ‘आमच्याकडं काय नेसतात, दावू का?’ आठवड्यानं पिशवीतून स्वतःची लग्नातली इरकली साडी घेऊन आली. मुलांनी हात धुऊन, रांगेनं पदराला बोट लावून बघितलं. भाडं गोळा करणाऱ्या आजोबांचा नातूही रांगेत होता. त्याचं बोट पदरावरून हलेना. शेवटी मागच्यानं ढकललं तेव्हा म्हणाला, ‘आमच्या आजयेकडेन आसा ही. अशीच.’